ओकॅमल (प्रोग्रॅमिंग भाषा): दुसऱ्या प्रोग्रॅमला फंक्शन पाठवता येत नाहीये, मदत हवी आहे

हिंजवडी_फेज३: लवकर सांगा, उद्या डेमो आहे. मार्शलने (डेटाचे बाइट्स करणारं ओकॅमलचं मॉड्यूल) रेकॉर्ड पाठवतोय, त्यात एक फंक्शन आहे. फंक्शनही पाठवू देणारा क्लोजर्सचा फ्लॅग दिलाय. समोर वाचताना 'कोड मिसमॅच' अशी एरर. फंक्शन काढलं तर कधी चालतं, कधी थेट सेगफॉल्ट, प्रोग्रॅमच कोसळतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही!

डेक्कनकर: दोन्हीकडे बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) एकच का?

हिंजवडी_फेज३: नाही हो. एक हिशेब करते, दुसरी निकाल दाखवते. टाइप (डेटाच्या प्रकारांच्या व्याख्या) तेच आहेत.

पर्वती८४: जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) वापरा. आमचं सगळं त्यावरच चालतं.

डेक्कनकर: फंक्शन जेसनमध्ये कसं घालणार? प्रश्न तरी वाचा.

मार्शल फंक्शनचा कोड पाठवतच नाही. कोडमधली जागा आणि त्या कोडचा डायजेस्ट (त्यावरून काढलेला छोटा ठसा) एवढंच जातं. बायनरी वेगळी, डायजेस्ट जुळत नाही, म्हणून नकार. सेगफॉल्टचं कारण वेगळं. बाइट्समध्ये टाइपची नोंद नसते, वाचताना तुम्ही जो टाइप लिहाल तो कंपायलर खरा धरतो. पूर्णांक पाठवून स्ट्रिंग म्हणून वाचलात, तर त्या आकड्यालाच मेमरीतला पत्ता समजलं जातं. टाइपची व्याख्या एकाच लायब्ररीत आहे की कॉपी केलीय?

हिंजवडी_फेज३: कॉपी. त्या टीमचा रिपो वेगळा आहे. आत्ता विचारलं, त्यांनी एक फील्ड वाढवलंय.

सिंहगडरोड_सई: एर्लांग भाषेवर या. एका नोडवरून (चालू प्रोग्रॅमवरून) दुसऱ्यावर फंक्शन सहज जातं.

डेक्कनकर: सईताई, तिथेही समोरच्या नोडवर तेच मॉड्यूल लागतं. आणि टाइपची चूक कळते ती चालवतानाच. हॅस्केल भाषेत जीएचसी कंपायलरच्या ७.१० पासून स्टॅटिक पॉइंटर्स (फंक्शनऐवजी पाठवता येणारी त्याची खूण) आहेत, पण तेही एकाच बायनरीच्या भरवशावर.

सिंहगडरोड_सई: निदान सेगफॉल्ट तरी होत नाही!

वारजे_पालक: पुण्यात ओकॅमलच्या नोकऱ्या आहेत का? मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे.

पर्वती८४: तिला आधी जावा पक्कं करू द्या.

डेक्कनकर: कृपया वेगळा धागा काढा.

@हिंजवडी, टाइप सामाईक लायब्ररीत हलवा आणि मार्शलऐवजी बिन_प्रॉट ही लायब्ररी घ्या. त्यातल्या बिन_शेपने टाइपच्या रचनेचा डायजेस्ट निघतो. जोडणी होताच दोन्हीकडचे डायजेस्ट ताडून पाहा. फंक्शनऐवजी व्हेरियंट (ठरलेल्या पर्यायांपैकी एक) पाठवा, 'सवलत १०' असा, आणि त्याचा अर्थ समोरच्या बाजूला लावा.

हिंजवडी_फेज३: सूत्रं ग्राहक स्वतः लिहितात, त्यांचं काय?

डेक्कनकर: हे आता सांगताय? मग सूत्राचं झाड पाठवा: संख्या, चल, बेरीज, गुणाकार. समोर वीस-पंचवीस ओळींचं रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारं) फंक्शन ते सोडवेल. नवा प्रकार वाढवून तिथे हाताळायचा राहिला, तर कंपायलर स्वतः बोट ठेवेल. ती वॉर्निंग बंद करू नका.

पर्वती८४: म्हणजे शेवटी डेटाच पाठवायचा. ते झाड जेसनमध्येही जातंच की.

डेक्कनकर: जातं. पण दोन्हीकडची व्याख्या एकच आहे, हे जेसन तपासत नाही.