भूकंपातली पोरं परदेशात दत्तक: लगेच द्यावीत की थांबावं?

गोदाकाठचा_निल्या:
कॉलेज रोडला चहावर मित्रांशी कडाक्याचं भांडण झालं, म्हटलं इथे टाकावं. विषय हैती, कॅरिबियनमधला गरीब देश. १२ जानेवारी २०१० ला तिथे ७ तीव्रतेचा भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीत होत्याचं नव्हतं झालं. त्यानंतर अमेरिकेने, ज्या मुलांचं दत्तकाचं काम आधीच चालू होतं त्यांना नेहमीचे व्हिसाचे सोपस्कार बाजूला ठेवून आत घेतलं, काही महिन्यांत हजाराच्या वर मुलं गेली. माझं म्हणणं एवढंच की बाकीच्यांच्या बाबतीतही असंच करायला हवं होतं. इकडे पोर ताडपत्रीखाली झोपतंय, तिकडे घर, खोली, शाळा सगळं तयार, आणि मधे कोण तर फाईल. एखादं सरकारच ढिगाऱ्याखाली गेलं असेल तर कोणाच्या सहीची वाट बघायची?

पंचवटी_एक्सप्रेस:
निल्या, त्याच हैतीचा पुढचा किस्सा विसरलास का. भूकंपाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा १० अमेरिकन लोक ३३ मुलं बसमध्ये घालून शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीवर पकडले गेले. कागद नाहीत. सगळी अनाथ म्हणून चालवली होती, नंतर कळलं की बहुतेकांचे आईबाप जिवंत. एक मुलगी रडून सांगत होती की माझे आईबाप आहेत. तुझ्या 'फाईल नको'चा अर्थ हा होतो.

गोदाकाठचा_निल्या:
अरे चोर पकडले म्हणून रस्ताच बंद करायचा का? आणि त्यातल्या कित्येक आईबापांनी आपणहून दिली होती, शिक्षण मिळेल, पोटाला मिळेल म्हणून. गरीब आईला आपल्या मुलाचं भलं कळत नाही असं म्हणायचंय का तुला?

सिडकोची_मंजू:
कळतं की. पण घर पडलंय, चूल नाही, हातात पैसा नाही अशा आठवड्यात घेतलेला निर्णय तिचा धरायचा का हा प्रश्न आहे. आपण नाशिकचे लोक, आपल्याला तर हे सांगायला नको. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर पोर चुकलं तर आपण काय करतो, माईकवरून नाव पुकारतो, चौकीत बसवतो, बिस्कीट देतो, रात्र झाली तरी थांबतो. आई सापडत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी सज्जन जोडप्याला देऊन टाकत नाही ना? भूकंपात तर सगळा देशच चुकलेला असतो, बाप दवाखान्यात, आजी दुसऱ्या गावी, मामा आठ दिवस चालत येणार. २००४ च्या सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातल्या १६ वर्षांखालच्या मुलांना बाहेर न्यायलाच बंदी घातली होती, ती उगाच नव्हती.

उंटवाडी_रिटायर्ड:
मी या क्षेत्रात नोकरी केली, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याकडे सापडलेलं मूल थेट दत्तक जात नाही. आधी बालकल्याण समितीपुढे, मग पेपरात फोटोसकट जाहिरात (तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल, आतल्या पानावर, धुरकट फोटो), घरच्यांचा शोध, मग ते मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचा आदेश. या सगळ्याला मुदत, २ वर्षांपर्यंतच्या मुलाला २ महिने, त्यावरच्याला ४. आईने स्वतः सोडलं असेल तरी तिला फेरविचाराला ६० दिवस. परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करारही हेच सांगतो, १९९३ चा आहे, भारताने २००३ मध्ये मान्य केला: आधी स्वतःचं कुटुंब, मग देशातलं, मग परदेश. हैती २०१० मध्ये त्या करारात नव्हतंच.
आणि लांब कशाला जायचं, २०२१ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर काय फिरत होतं? "आईवडील कोरोनात गेले, दोन गोड मुली, इच्छुकांनी या नंबरवर फोन करा". किती चांगल्या घरातल्या लोकांनी ते पुढे ढकललं! सरकारला सांगावं लागलं की हे बेकायदा आहे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. ते नंबर कुणाचे होते हे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं?

वेटिंगवाली:
काका, तुमचा अनुभव मान्य, पण २ महिने कागदावर. आम्ही कारामध्ये, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत, नाव घातलंय, होम स्टडी (घरी येऊन चौकशी) झाला, आता बसलोय, लोक तीन-तीन वर्षं बसलेत. आणि इकडे संस्थेतली मुलं पाच-सहा वर्षांची होऊन बसतात कारण कुठल्यातरी आदेशावर सही नाही. रोमानियात अनाथालयातल्या मुलांवर बुखारेस्टला मोठा अभ्यास झाला, २ वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं ती नंतर गेलेल्यांपेक्षा पुष्कळ सावरली. म्हंजे थांबणं फुकट नसतं हो, त्याचं बिल मूल भरतं. हे कुणी बोलतच नाही, सगळे पकडलेल्या बसबद्दल बोलतात.

मिसळ_पाव_जास्त:
+१ वेटिंगवाली

पंचवटी_एक्सप्रेस:
किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्री लोक दमून झोपलेले. तिथली जवळपास १२०० मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला आणली, राहणं-शिक्षण सगळं केलं. परदेशात कोणाला दिली नाहीत, आडनाव तेच राहिलं. झालंच ना?

गोदाकाठचा_निल्या:
ती शाळेत जाणारी मुलं होती भाऊ. सहा महिन्यांच्या बाळाला वसतिगृह चालत नाही.

रॉटरडॅमची_सूनबाई:
माहेर गंगापूर रोड, आता नेदरलँड्समध्ये. इथे २०२१ मध्ये सरकारने परदेशी दत्तकच थांबवलं होतं, कारण सरकारी समितीनेच सांगितलं की १९६७ ते १९९८ मध्ये श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, कोलंबिया, ब्राझील इथून आणलेल्या मुलांच्या बाबतीत गैरप्रकार झाले, खोटे कागद, आणि इथल्या सरकारला माहीत असून गप्प बसलं. ती मुलं आता माझ्या वयाची आहेत. प्रेमाने वाढलीत, घरच्यांबद्दल तक्रार नाही, पण आई शोधायला जातात तर दाखल्यावरची बाई वेगळीच निघते. निल्यादादा, फाईल मधे येते म्हणालात, यांना तर तेवढी एक फाईलच हवी होती.

गोदाकाठचा_निल्या:
ताई हे मान्य, याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी विचारतो, आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, आत्या-मावशीने सांभाळलं तर महिन्याला २,२५० रुपये तरी मिळतात, हैतीच्या मावशीला कोण देणार?

सिडकोची_मंजू:
ज्यांना दत्तक घ्यायचंय त्यांनीच. परदेशातून मूल आणायला वकील, एजन्सी, विमान धरून लाखोंनी रुपये जातात. तेवढ्यात ती मावशी कित्येक वर्षं पोर सांभाळेल.

वेटिंगवाली:
मंजूताई, छान हिशोब. पण लोकांना मूल हवं असतं, मावशीला मनीऑर्डर करायची नसते. मी पण त्यातलीच, खोटं कशाला बोलू. पहिल्या महिन्यात कोणाला देऊ नका, पटलं. नातेवाईक शोधून झाले, कोणी नाही सापडलं, मग पुढे किती दिवसांत घर, तो आकडा कुणीतरी ठरवा आणि पाळा. काका, तुम्ही सांगा, तुमच्या नोकरीत कधी पाळला गेला?

उंटवाडी_रिटायर्ड:
क्वचित.