सोसायटी ग्रुप : ‘सेल्स ॲट वर्क’ लावा, पण सीबीसीचा रिपोर्ट शेजारी ठेवा

स्वाती (ए-२०३): नमस्कार. सुट्टीत मुलांसाठी क्लबहाउसमध्ये ‘सेल्स ॲट वर्क’ लावायचं चाललंय. शरीरातल्या पेशी माणसांसारख्या कामाला जाताना दाखवणारं जपानी ॲनिमे. मुलं पाचवी ते नववीची आहेत. जाणकारांनी सांगा, यातलं शास्त्र कितपत धरून चालायचं, आणि कुठल्या भागापासून सुरुवात करायची?

अनिकेत (बी-१०५): स्वातीताई, निवड उत्तम आहे. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अकाने शिमिझू यांची. कोदान्शा प्रकाशनाच्या ‘मंथली शोनेन सिरियस’ मासिकात २०१५ ते २०२१ चालली, ६ खंड झाले. धाकट्या बहिणीला शाळेतला पेशींचा धडा लक्षात राहावा, यातून ती निघाली. ॲनिमे डेव्हिड प्रॉडक्शन या स्टुडिओचं. पहिला सीझन २०१८ चा, १३ भाग. दुसरा जानेवारी २०२१ पासून, ८ भाग. भाग साधारण २४ मिनिटांचा.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. ‘सेल्स ॲट वर्क : कोड ब्लॅक’ ही वेगळी मालिका आहे. लेखक वेगळे, स्टुडिओही वेगळा. नाव सारखं म्हणून चुकून ती लावू नका. त्यात सिगारेट, दारू, गुप्तरोग असे विषय आहेत.

डॉ. मेधा (सी-४०१): पॅथॉलॉजीच्या बाजूने सांगते. या मालिकेत पात्रांचे कपडे, हत्यार, स्वभाव मन मानेल तसे दिलेले नाहीत. ते त्या पेशीच्या कामावरून किंवा मायक्रोस्कोपखाली ती जशी दिसते त्यावरून बेतलेत. म्हणून मुलांपुढे एखादा नॉर्मल सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट ठेवा, नाव-वय झाकून. रिपोर्टमधल्या डिफरन्शियल काउंटच्या (पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्केवारीच्या) पाच ओळी म्हणजे पाच पात्रं :

न्यूट्रोफिल, साधारण ४० ते ७५ टक्के. पांढऱ्या कपड्यांतला चाकूवाला, यू-११४६. संख्येने सर्वांत जास्त, म्हणून कुठेही गडबड झाली की पहिला तोच पोहोचतो.

लिम्फोसाइट, २० ते ४० टक्के. ही रिपोर्टमध्ये एकच ओळ असते, पण मालिकेत तिची बरीच माणसं होतात : हेल्पर टी, किलर टी, रेग्युलेटरी टी, बी सेल, मेमरी सेल, एनके (नॅचरल किलर) सेल. साध्या स्लाइडवर ही सगळी जवळपास सारखीच दिसतात. वेगळी ओळखायला वेगळी तपासणी लागते.

मोनोसाइट, २ ते १० टक्के. अंगभर संरक्षक सूट घातलेले. दहाव्या भागात सूट उतरवतात आणि आतून मॅक्रोफेज निघतात. हे अगदी बरोबर आहे. रक्तात असते तोवर ती मोनोसाइट, रक्तवाहिनीबाहेर पडून ऊतीत शिरली की मॅक्रोफेज.

इओसिनोफिल, १ ते ६ टक्के. गुलाबी पोशाख, दोन शेंड्या, दोन टोकांचा भाला. स्लाइडवर तिचे कण इओसिन रंग घेऊन नारिंगी-गुलाबी दिसतात आणि केंद्रक दोन पाळ्यांचं असतं. मुलांना आधी स्लाइडचा फोटो दाखवा, मग पात्र दाखवा. स्वतःच ओळखतील.

बेसोफिल, बहुधा १ टक्क्याच्या आत. रेनकोट, छत्री आणि कोड्यात बोलणं.

आता मुलांना विचारा, मालिकेतली कोणती पात्रं रिपोर्टमध्ये सापडत नाहीत? मॅक्रोफेज, डेन्ड्रिटिक सेल, मास्ट सेल. का, तर त्यांचा मुक्काम ऊतींमध्ये. आपण सुई लावतो रक्तवाहिनीला.

फडके काका (सी-१०२): मेधाताई, फार छान समजावलंत. प्लेटलेट्स लहान मुलं का दाखवल्यात तेही सांगा.

डॉ. मेधा (सी-४०१): काका, आकारामुळे. लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्लेटलेट २ ते ३ मायक्रॉनची. खरं तर ती पूर्ण पेशीही नाही. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशीचे तुकडे पडतात, त्या प्लेटलेट्स. आयुष्य ७ ते १० दिवस. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख.

जोशी सर (ए-५०२): स्वाती, भाग क्रमाने लावू नकोस. धड्याच्या हिशेबाने माझा क्रम असा : १, ८, २, मग ३, ९, ५. एका दिवशी दोनच भाग. पडद्यावर पेशीच्या नावाची चौकट येते आणि निवेदक माहिती सांगतो, तिथे दर वेळी थांबव. इंग्रजी सबटायटल भराभर जातात, पाचवी-सहावीच्या मुलांना जमणार नाहीत. चौकट मोठ्याने मराठीत सांगायला एक जण बसव.

आठवा भाग रक्ताभिसरणाचा. लाल पेशी एई-३८०३ कुणाची मदत न घेता एक फेरी पूर्ण करायला निघते. तो लावण्याआधी मुलांना कागदावर चार चौकोन काढायला सांग : हृदयाची उजवी बाजू, फुफ्फुसं, हृदयाची डावी बाजू, बाकी शरीर. भाग चालू असताना ती जिथे असेल तिथे बोट. ऑक्सिजन असेल तो रस्ता लाल पेन्सिलीने, नसेल तो निळ्याने. मुलं हमखास चुकतात ते फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत. धमनी म्हणजे शुद्ध रक्त असं पाठ केलेलं असतं, म्हणून लाल रंगवतात. ती निळी हवी. हृदयापासून दूर नेते ती धमनी, आत रक्त कसलंही असो. शिरांमधल्या झडपा एका दिशेच्या दारांसारख्या दाखवल्यात, तेही बरोबर आहे.

दोन गोष्टी मात्र फळ्यावर सांगाव्या लागतील. लाल पेशी रस्ता शोधत नाही, चुकतही नाही. हृदयाचा दाब तिला ढकलतो आणि शांत बसलेल्या माणसात साधारण मिनिटभरात एक फेरी होते. दुसरं, ती हातात ऑक्सिजनचं एकच खोकं घेऊन जाते. खऱ्या लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचे ४ रेणू बसतात. हा गुणाकार मुलांनाच करू दे. शंभर कोटींच्या वर जातो.

कार्बन डायऑक्साइडचीही खोकी दाखवलीत. प्रत्यक्षात त्याचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेट होऊन प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, विरघळून जातो. ते रूपांतर लाल पेशीतच होतं, म्हणून चित्र अगदीच चूक नाही, पण नववीच्या मुलांनी हे लिहून घ्यावं.

शुभांगी (बी-३०३): मुलांच्या वॉर्डातली नर्स म्हणून थोडं.

दुसरा भाग खरचटल्याचा आहे आणि तो मला फार आवडतो. रक्ताच्या प्रवाहात प्लेटलेट्स उडून जाऊ नयेत म्हणून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या रक्तातल्या प्रथिनाला धरून राहतात, हे त्यात दाखवलंय. एवढ्या बारकाईने सहसा कोणी दाखवत नाही. मग फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाची जाळी, आणि त्या जाळीत लाल-पांढऱ्या पेशीही अडकतात. हा भाग संपताच प्रथमोपचार सांगा. स्वच्छ कापड धरून १० मिनिटं सलग दाबायचं. मधेच उचलून बघायचं नाही. उचललं की नुकतीच बसलेली जाळी कापडाबरोबर निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. थांबल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवायचं. हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

तिसरा भाग इन्फ्लुएन्झाचा. मालिकेत जिवाणू हे आपल्या पायांवर चालणारे राक्षस आहेत, विषाणू मात्र टोपी होऊन साध्या पेशीच्या डोक्यावर बसतो आणि तिला आपल्या कामाला लावतो. हा फरक मुलांना ठसवून सांगा. बॅक्टेरियाची भिंत किंवा त्याची स्वतःची यंत्रणा मोडते ती अँटिबायोटिक. टोपीला ना भिंत ना यंत्रणा, मग गोळी मोडणार काय? साध्या सर्दी-तापाला डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत ते यामुळे.

पल्लवी (ए-४०४): शुभांगीताई, पाचव्या भागाबद्दल विचारायचं होतं. त्यात स्टेरॉइड रोबो येऊन सगळं उद्ध्वस्त करतो ना? दम्याचा इन्हेलर घेणारं मूल ते बघून घाबरेल का?

शुभांगी (बी-३०३): चांगलं विचारलंस. तो भाग सुगी म्हणजे जपानी देवदाराच्या परागकणांच्या ॲलर्जीचा आहे. जपानमध्ये युद्धानंतर लाकडासाठी या झाडांची प्रचंड लागवड झाली, आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल तिथे लाखो लोकांच्या नाकाडोळ्यांना पाणी लागतं. ॲलर्जीची साखळी नीट दाखवलीय : बी सेल आयजीई अँटिबॉडी बनवते, मास्ट सेल हिस्टामीन सोडते, त्यातून शिंका आणि सूज. प्रत्येक पेशी आपलं काम नियमाप्रमाणे करते आणि तरी शरीराला त्रास होतो, हे मोठ्यांनीही बघावं.

रोबो मात्र अतिरंजित आहे. स्टेरॉइड रोगप्रतिकाराची धावपळ दाबतं, इथपर्यंत खरं. पण इन्हेलरमधली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बरीचशी श्वासनलिकेतच काम करते. हे भाग सुरू होण्याआधी सांगून टाका. इन्हेलर मनाने बंद करायचा नाही, आणि स्टेरॉइडचा असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

फडके काका (सी-१०२): कच्च्या माशातून जंत होण्याचाही एक भाग आहे म्हणे. आपल्याकडे त्याची काळजी करायची का?

डॉ. मेधा (सी-४०१): चौथा भाग, काका. ॲनिसाकिस नावाची अळी. जपानमध्ये साशिमी-सुशीमुळे हा खरोखरचा प्रश्न आहे. मासा ६० अंशांवर किमान १ मिनिट शिजला किंवा उणे २० अंशांवर २४ तास गोठवला की अळी मरते. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांनी मरत नाही. आपल्या बांगड्याच्या कालवणात तो उकळूनच निघतो, त्यामुळे चिंता नको.

फक्त मालिकेत इओसिनोफिल एका घावात तिला मारते, तसं होत नाही. पोटात रुतलेली अळी डॉक्टर बहुधा एंडोस्कोपीने काढतात. इओसिनोफिल वाढलेल्या दिसल्या तर आपल्याकडे आधी आतड्यातले जंत किंवा ॲलर्जी बघतात.

अनिकेत (बी-१०५): काळाबद्दलही मुलांना सांगायला हवं. तिसऱ्या भागात डेन्ड्रिटिक सेल (शत्रूची ओळख टी सेलला करून देणारी पेशी) नवख्या टी सेलला धीर देते आणि तो काही क्षणांत बलदंड लढवय्या होतो.

जोशी सर (ए-५०२): बरोबर. खऱ्या शरीरात डेन्ड्रिटिक सेल लिम्फ नोडपर्यंत (लसिकाग्रंथीपर्यंत) जाणार, नेमकी जुळणारी टी सेल सापडणार, तिची विभागणी होत हजारो होणार. यात साधारण ४ ते ७ दिवस जातात. पहिल्यांदा झालेला विषाणूचा आजार आठवडाभर का रेंगाळतो, याचं उत्तर इथे आहे. आणि मेमरी सेल तयार असली की हा वेळ वाचतो, लस त्यासाठीच.

नववा भाग थायमस या ग्रंथीचा. टी सेलची शाळा. जी शत्रू ओळखत नाही ती नापास, जी आपल्याच पेशीवर धावून जाते तीही नापास. खऱ्या थायमसमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त नापास होऊन मरतात. मुलांना ४० चिठ्ठ्या वाटा, फक्त दोनांवर ‘पास’ लिहा. आपल्याच शरीरावर हल्ला करणारे आजार कसे होतात, हा प्रश्न मग मुलंच विचारतील. थायमस छातीच्या हाडामागे असतो आणि वयात आल्यावर आक्रसत जातो.

पल्लवी (ए-४०४): आणि रक्तपाताचं काय? पहिल्या भागातच तो न्यूट्रोफिल रक्ताने माखलेला असतो.

स्वाती (ए-२०३): हो, मलाही तीच धास्ती आहे.

शुभांगी (बी-३०३): चाकूचे वार आणि उडणारं रक्त बऱ्याच भागांत आहे. आठ वर्षांखालच्यांना नकोच. पाचवीच्या मुलांसोबत मोठं माणूस बसलेलं हवं. सातवा कॅन्सरचा भाग दिसायलाही भयंकर आहे आणि मनालाही जड. घरात कुणी त्या आजारातून जात असेल तर ते मूल समोर असताना लावू नये. बारा-तेरा हे अपघाताने झालेल्या रक्तस्रावाचे भाग, तेही शेवटी ठेवा. दुसऱ्याच्या शरीरातून आलेल्या लाल पेशी वेगळ्या बोलीत बोलतात, ही रक्त चढवण्याची कल्पना मात्र सुंदर आहे.

डॉ. मेधा (सी-४०१): चाकू म्हणजे काय तेही सांगा. न्यूट्रोफिल जंतूला गिळते आणि आत एन्झाइम व तीव्र रसायनांनी मारते. त्यात ती स्वतःही संपते. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी मेलेल्या न्यूट्रोफिल. रक्तात तिचं आयुष्य तासांत किंवा फार तर काही दिवसांत मोजायचं. लाल पेशीचं १२० दिवस. त्यामुळे या दोघांची पुन्हा पुन्हा होणारी गाठभेट ही गोष्टीची गरज, शास्त्र नव्हे.

फडके काका (सी-१०२): मग ते ‘कोड ब्लॅक’ आम्ही मोठ्यांनी बघावं का?

अनिकेत (बी-१०५): जरूर बघा काका. कथा शिगेमित्सु हारादा, चित्रं इस्सेई हात्सुयोशिया. ॲनिमे २०२१ चं, १३ भाग. तिथे लाल पेशी पुरुष आणि न्यूट्रोफिल स्त्री आहे. शरीर सिगारेट, दारू, ताण, अपुरी झोप यांनी थकलेलं. पहिल्याच भागात धूर आत येतो आणि लाल पेशींना कार्बन मोनॉक्साइड चिकटतो.

डॉ. मेधा (सी-४०१): तो चिकटतो हे शब्दशः खरं आहे. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट. साध्या हवेत त्यातला निम्मा सुटायला ४ ते ५ तास लागतात. दर तासाला एक सिगारेट ओढणाऱ्याच्या लाल पेशी दिवसा मोकळ्या होतच नाहीत.

‘कोड ब्लॅक’मधला गाउटचा (एक प्रकारच्या संधिवाताचा) भागही बघण्यासारखा. युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक न्यूट्रोफिल गिळतात, फुटतात, आतलं सगळं सांध्यात सांडतं. रात्री अंगठा ठणकतो तो त्यामुळे.

अनिकेत (बी-१०५): आणि डिसेंबर २०२४ मध्ये यावरच आलेला, खऱ्या कलाकारांचा चित्रपट मुलांना परस्पर लावू नका. सुरुवात हसतखेळत आहे, पण पुढे त्यातल्या मुलीला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर होतो.

स्वाती (ए-२०३): सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी भाग १ आणि ८, रविवारी २ आणि ३. सर, चौकट वाचायला तुम्ही बसाल का? मेधाताई, नाव झाकलेला रिपोर्ट आणि इओसिनोफिलच्या स्लाइडचा फोटो मिळेल का?

डॉ. मेधा (सी-४०१): पाचही पांढऱ्या पेशींचे फोटो देते. ए-४ कागदावर रंगीत छापा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल वेगळ्या ओळखता येणार नाहीत.

जोशी सर (ए-५०२): बसतो. लाल-निळ्या पेन्सिली प्रत्येकाने घरून आणाव्यात.