व्हिडिओ कॉल लावला की मनं जुळतात?

शाईपेन
परवा इथे एकांनी लिहिलं, की दोन दुभंगलेल्या समाजांतल्या मुलांचा आठवड्याला एक व्हिडिओ कॉल लावा, वर्षभरात पूर्वग्रह गळून पडतील. उत्तर आयर्लंडने हे करून दाखवलंय, असंही त्यांचं म्हणणं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. 'डिझॉल्व्हिंग बाउंडरीज' हा कार्यक्रम १९९९ मध्ये, तिथला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष मिटवणाऱ्या गुड फ्रायडे कराराच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला. अल्स्टर आणि मेनूथ ही दोन विद्यापीठं तो चालवायची. जोडल्या गेल्या त्या उत्तर आयर्लंडमधल्या आणि दक्षिणेतल्या, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातल्या शाळा. आता उत्तरेतली कॅथलिक शाळा दक्षिणेतल्या कॅथलिक शाळेला जोडली, तर ओलांडली ती नुसती देशाची सीमा. दोन गल्ल्यांपलीकडची प्रोटेस्टंट शाळा होती तितकीच लांब राहिली. २०१४ मध्ये तो कार्यक्रमही बंद झाला.

मुलांना खरंच एकत्र आणायचंय ना? मग एका बाकावर बसवा. बेलफास्टच्या लॅगन कॉलेज या शाळेने १९८१ मध्ये २८ मुलांवर तेच सुरू केलं, पालकांच्या हट्टामुळे. पडद्यावरची भेट ही एकत्र न बसवण्याची सबब होते, एवढंच माझं म्हणणं.

खडूवाली
२८ मुलांचं सांगितलंत, पुढचं गाळलंत. चाळीस वर्षं उलटली तरी तिथल्या एकात्मिक, म्हणजे दोन्ही पंथांची मुलं एकत्र शिकतात अशा, शाळांत दहा टक्केसुद्धा मुलं नाहीत. बाकीच्या नव्वद टक्क्यांनी बाक रिकामा होईपर्यंत थांबायचं का?

मी दोन वर्षं दोन शाळांचा ऑनलाइन जोडवर्ग चालवलाय. कॉल लावून गप्पा मारा म्हटलं असतं तर दोन्हीकडची पोरं मख्ख बसली असती. आम्ही काम दिलं: दुपारी बाराला काठीची सावली मोजायची आणि दोन्हीकडची मापं एकाच तक्त्यात भरायची. एका गटाची चुकली की दुसऱ्याचं अडायचं. चौथ्या आठवड्यात पलीकडून विचारणा आली, "तुमचा तो मोजणारा आज का नाही?" त्याच्या घरी मृत्यू झाला होता. त्या दिवशी तक्ता राहिला, मुलांनी त्याला पत्र लिहिलं. हे सबबीतून होत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगितलंय: नुसता संपर्क पुरत नाही. समान दर्जा, एकच उद्दिष्ट, सहकार्य आणि वरून पाठिंबा हवा.

आडवाट
त्यातला 'वरून पाठिंबा' कुठे मिळतो ते सांगा. आमच्याकडे उपकरणं आली, वेळापत्रकात तास आला नाही. मधल्या सुट्टीत जोडणी करायची, पासवर्ड विसरलेल्या चाळीस मुलांना आत घ्यायचं, तेवढ्यात घंटा. पलीकडच्या शाळेचे तास वेगळे, सुट्ट्या वेगळ्या. वर्षभरात सहा कॉल झाले, त्यातले दोन "आवाज येतोय का?" यातच गेले. आणि अहवालात उपक्रम यशस्वी!

सांजवात
मुळात कॅमेराच आधी लावायचा नसतो. इस्रायलमधल्या 'टेक' केंद्राची पद्धत बघा. हिब्रू आणि अरबी माध्यमाच्या शाळांतल्या मुलांना ते पायरीपायरीने आणतात: आधी लेखी, मग आवाज, मग चेहरा, जमलं तर प्रत्यक्ष भेट. नाव-कपडे बघून मत बनण्याआधी एकत्र काम सुरू झालेलं असतं.

शाईपेन
म्हणजे मुलांना आधी लपायला शिकवायचं? ओळख झाकून झालेली मैत्री ओळख उघडी पडताच तुटते.

सांजवात
लपायला नाही, श्वास घ्यायला. उत्तर आयर्लंडमध्ये 'एच' हे अक्षर कसं उच्चारलं यावरूनसुद्धा समोरचा कोणत्या बाजूचा ते लोक ताडतात. कॅथलिक 'हेच' म्हणतात, प्रोटेस्टंट 'एच'. लेखी कामात निदान तेवढी फुरसत मिळते.

शाईपेन
आणि त्याच लेखी कामात शहराचं नाव लिहायची वेळ आली की? डेरी लिहिलं तर एक बाजू, लंडनडेरी लिहिलं तर दुसरी. तिथे दोघांची भाषा एक असून ही गत. जिथे भाषाच दोन आहेत तिथे तुमचं 'आधी लेखी' कोणाच्या भाषेत? ज्याला समोरच्याच्या भाषेत लिहावं लागतं तो पहिल्या ओळीपासून चुका करणारा ठरतो. समान दर्जा तिथेच संपतो. मी स्वतः हा अनुभव घेतलाय. दहावीत अशाच एका उपक्रमात माझ्या प्रत्येक वाक्यावर पलीकडून दुरुस्ती यायची. मदतच करत होते, पण मी तिसऱ्या आठवड्यापासून लिहिणं सोडलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आडवाट
यंत्राकडून भाषांतर करून घ्या की आता.

शाईपेन
चौदा वर्षांची मुलं चिडवतात, कोट्या करतात, अर्धी वाक्यं टाकतात. यंत्राने थट्टेचं सरळ वाक्य केलं की भांडण लागतं. ते निस्तरायला शिक्षक तेव्हा हजर असतो का?

खडूवाली
प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तर काहीच करू नका. तुमचा बाक तरी कोणत्या भाषेत बोलणार होता?

शाईपेन
बाकावर निदान शेजारचा गप्प झालेला दिसतो. बरं, सावलीचा प्रयोग चांगला होता, हे मान्य. कामामुळे मुलं जवळ आली, कॉलमुळे नाही, आणि परवाच्या लेखात नेमकं तेच नव्हतं. पण एक राहिलं. तुमचा तक्ता कोणाच्या भाषेत होता?

खडूवाली
आमच्या.

मापं आकड्यांत होती, म्हणून कधी मनातच आलं नाही. पण शेरे पलीकडची मुलं फारसे लिहायची नाहीत. मला वाटायचं, त्यांना कंटाळा आहे. त्यांच्या शिक्षकांना आज विचारते.