टाक्यांची खूण उन्हाने काळी पडतेय, उन्हाळा कसा काढू?

रावेरची_मास्तरीण
नमस्कार, स्कूटी घसरून पडले होते, उजव्या गालाच्या हाडावर टाके पडले. टाके काढून महिना-सव्वा महिना झाला, जखम भरलीय, पण खूण आधी गुलाबी होती ती आता कडेकडेने तपकिरी व्हायला लागलीय. डॉक्टर म्हणाले उन्हापासून जपा, बस, की पुढचा पेशंट आत. आता एप्रिलमध्ये आपल्या रावेरात ऊन कसं टाळायचं सांगा बरं. शाळा सकाळची आहे पण सुटते तेव्हा ऊन तापलेलंच असतं आणि घरी आलं की आई गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) टाकायला हाक मारते. आई म्हणते लिंबू-हळद चोळ, शेजारच्या वहिनींनी मेडिकलमधून कसलीतरी ट्यूब आणून दिलीय, आठ दिवसात डाग गायब म्हणे. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) चुलत बहिणीचं लग्न आहे, फोटोचं टेन्शन आहे, खोटं कशाला बोलू. स्कार्फ तर मी बांधतेच. सनस्क्रीन लावू का, कितीचं, आणि किती दिवस?

भुसावळचा_भो
ताई स्कार्फ कसला आहे ते बघा आधी. तो जॉर्जेटचा पातळ, फुलाफुलांचा असेल तर उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसलं म्हणजे ऊनही आरपार जातं. घट्ट विणीचं गडद सुती कापड घ्या, गरम होईल पण काम करेल. आणि घामाने ओलं झालेलं पांढरं पातळ सुती कापड तर अजूनच कमी अडवतं, म्हणून एक कोरडा स्कार्फ डिक्कीत ठेवा.
दुसरं म्हणजे मी गाडी चालवतो, भुसावळ-नाशिक नेहमीचं, माझ्या उजव्या कोपराजवळ जुनी खूण आहे, एसी लावून काच बंद असते तरी ती बाजू डाव्या हातापेक्षा काळी आहे. पुढची काच दोन थरांची असते, ती बरंच अडवते, पण बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए, म्हणजे कातडी काळी करणारे न दिसणारे किरण, आत येतात. एसटीत उजव्या खिडकीला बसू नका एवढंच.

आखाजीना_झोका
माय, आखाजीले झोका खेवाले जाशी तव्हय तोंडवर रुमाल बांधजो 😄

औषधवाला_जळगाव
मी दुकानात बसतो, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न उन्हाळ्यात रोज येतो म्हणून सविस्तर लिहितो.
सगळ्यात आधी ती ट्यूब. तिच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन यातलं काही लिहिलंय का बघा. असेल तर बाजूला ठेवा. यातली पहिली तीन स्टिरॉइड आहेत. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी मिळतात ही गोष्ट खरी आहे. चेहऱ्यावर मनाने लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल नसा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केलं की आधीपेक्षा जास्त भडकतं. वर ट्रेटिनॉइनने कातडी उन्हाला नाजूक होते. म्हणजे ज्याच्यापासून जपायचं त्याच्याच तोंडी द्यायचं.
लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे डाग महिनोन्महिने राहतात. हळद खाण्यात ठेवा.
खूण काळी का पडते, तर ताज्या खुणेतल्या रंगपेशी आधीच चिडलेल्या असतात, ऊन मिळालं की त्या जास्त रंग तयार करतात. आपल्या सावळ्या कातडीत हे जास्त होतं. खूण पिकायला म्हणजे पांढरट, सपाट, मऊ व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, तेवढा काळ जपायचं. तुमच्या लग्नाच्या तारखेपर्यंत पूर्ण जाईल असं कोणी सांगितलं तर तो काहीतरी विकतोय.
सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चं घ्या. ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे किरण) अडवतं आणि ५० वालं ९८, त्यामुळे आकड्यासाठी भांडू नका. ट्यूबवरच्या PA या अक्षरांपुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते बघा, ते यूव्हीएसाठी असतं. नाजूक कातडीला झिंक ऑक्साइडवालं बरं. रंग असलेलं, टिंटेड, मिळालं तर अजून चांगलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं आणि आपल्या कातडीवर डाग गडद करण्यात साध्या उजेडाचाही हात असतो. शिवाय खूण जरा झाकली जाते, फोटोचं काम झालं.
लावताना लोक कंजूषी करतात. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत, आणि घाम पुसला किंवा स्कार्फ घासला तर लगेच. खपली असेल किंवा जागा ओलसर असेल तर तिथे लावायचं नाही, पण तुमची जखम बंद आहे म्हणजे चालेल.

यावल_पाटील
एवढं काही लागत नाही हो, आमच्याकडे सगळ्यांनी खोबरेल तेल लावलं, खुणा गेल्या.

औषधवाला_जळगाव
दादा, तेलाने कातडी मऊ राहते, रात्री मालिश करायला हरकत नाही. पण ते ऊन अडवत नाही, तेल लावून उन्हात जाऊ नका एवढंच.

चोपड्याची_माई
माझ्या हाताला भाजल्याची खूण आहे, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि मी शेतात जाते. क्रीम घामात टिकतच नाही गं बाई, कापूस वेचताना दर दोन तासांनी कोण लावणार. मी साडीवर आमच्या ह्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, आमच्याकडे सगळ्या बाया घालतात, शहरातले हसतात तर हसू दे. खूण निम्म्याहून जास्त उजळली. कामही सकाळी लवकर उरकते, दहानंतर झाडाखाली. बिबड्यांचं म्हणशील तर आईला सांग, चीक शिजवून पहाटे टाकून घ्यायचे, ऊन बिबड्यांना लागतं, तुला नाही. वाळत असताना राखायला पोरांना बसव.
आणि एक सांगते, जुन्या भाजल्या खुणेवर न भरणारं फोड-घाव झालं तर थांबायचं नाही, दाखवायचं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.

रावेरची_मास्तरीण
माई, पहाटेचं आईला पटलं 😀 ट्यूबवर मोमेटासोन लिहिलंय, ठेवून दिली. वहिनींना काय सांगू ते कळेना. अजून एक, सिलिकॉन जेल म्हणून काही असतं का, ते सनस्क्रीनच्या आधी की नंतर? आणि खूण हाताला जरा जाड लागतेय, खाजतेही.

औषधवाला_जळगाव
आधी सिलिकॉन जेल, अगदी पातळ थर, पूर्ण वाळू द्या, मग वरून सनस्क्रीन. सिलिकॉनने रंग जात नाही, खूण सपाट राहायला मदत होते, दोन-तीन महिने रोज लावावं लागतं. ज्यांना सारखं क्रीम लावणं जमत नाही त्यांनी खुणेवर कातडीच्या रंगाची कागदी चिकटपट्टी लावली तरी ऊन अडतं, पुरळ आलं तर काढायची.
जाड आणि खाजरं मात्र दाखवून घ्या. टाक्याच्या रेषेतच उंच असेल तर बऱ्याचदा हळूहळू बसतं, पण रेषेबाहेर पसरत असेल तर ते केलॉइड असू शकतं. त्याला खुणेत इंजेक्शन देतात आणि जेवढं लवकर तेवढं बरं. लग्नाची वाट बघू नका, याच आठवड्यात त्वचारोगवाल्यांकडे जा, ट्यूबही सोबत न्या आणि लावली असेल तर किती दिवस ते सांगा.

भुसावळचा_भो
जाताना दुपारी साडेबाराची वेळ धरू नका. आपल्याकडे सूर्य बाराला नाही, साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर त्या वेळी जळगाव-भुसावळात सावलीच पायाखाली जाते. सकाळची अपॉइंटमेंट घ्या.

रावेरची_मास्तरीण
शुक्रवारी सकाळी साडेनऊची मिळालीय. डाव्या खिडकीला बसेन 🙏