तणमोराला झाडे नकोत, गवत हवे

रस्त्याखाली गेलेल्या जमिनीइतक्याच शेतजमिनीवर झाडे लावली की निसर्गाची भरपाई होते, हा मुद्दा नेहमी मांडला जातो, पण मला तो निदान आमच्या माळव्यापुरता मान्य नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालील भरपाई म्हणजे मुख्यतः वृक्षारोपण. पण इथला अत्यंत दुर्मीळ झालेला तणमोर पक्षी (इकडे त्याला खरमोर म्हणतात) पावसाळ्यात उघड्या गवताळ माळावर वीण करतो आणि त्याच्यासाठीच १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर ही अभयारण्ये झाली.

काही वर्षांपूर्वी श्रावणात इंदूरहून आम्ही सैलान्याला गेलो, तेव्हा गुडघाभर गवतातून काळाभोर नर सरळ वर उसळला आणि पंख फडफडवून पुन्हा गवतात दिसेनासा झाला. तासाभरात त्याने अशा कितीतरी उड्या मारल्या. त्या माळावर ओळीने साग किंवा निलगिरी उभी केली, तर मादीला तो दुरून दिसणार कसा? म्हणून सोयाबीनचे शेत अधिवासासाठी सोडायचेच असेल, तर नांगर थांबवून शेडा, मारवेल, पवन्या या गवतांचे स्थानिक बी पेरावे, पिल्ले हिंडती होईपर्यंत चराई बंद ठेवावी आणि दिवाळीनंतर ते गवत कापण्याचा हक्क त्याच शेतकऱ्याला द्यावा.