बकऱ्याच्या भेज्यातलं ट्युब्युलिन: बर्फावर ठेवूनही ओडी उतरत नाही

नळीशोध: बकऱ्याच्या भेज्यातून ट्युब्युलिन हे प्रथिन शुद्ध करणं चाललंय. त्याच्या जोड्या गरम केल्यावर जुळून बारीक नळ्या (मायक्रोट्युब्यूल) होतात आणि थंडीत सुटतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) असा: 100 मिलिमोलर पाइप्स (बफरचं मुख्य रसायन), केओएचने पीएच 6.8, ईजीटीए (कॅल्शियम बांधणारं रसायन) आणि मॅग्नेशियम क्लोराइड 1-1 मिलिमोलर. त्यात 4 मोलर ग्लिसरॉल, 1 मिलिमोलर जीटीपी (नळ्या जुळायला लागणारा रेणू), 37 अंशांवर 45 मिनिटं. एक थंड-गरम फेरी (थंडीत सोडवून, गरम करून परत जुळवणं) झालेल्या नमुन्याची 350 नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं प्रकाशमापन) 0.35 पर्यंत चढते, पण बर्फावर 10 मिनिटं ठेवल्यावरही 0.22 वरच अडते. पहिल्या थंड स्पिनच्या (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवण्याच्या) पेलेटमध्येही, म्हणजे तळाशी बसलेल्या भागातही, जेलवर ट्युब्युलिनचा पट्टा ठसठशीत दिसतो. हे टिकाऊ मायक्रोट्युब्यूल म्हणायचे की नुसता गाळ?

पेशीपंजर: आधी 10 मिनिटांचं बघा. ग्लिसरॉलमध्ये नळ्या सावकाश सुटतात, अर्धा तास द्या. आणि थंड क्युव्हेट (ओडी मोजायची पारदर्शक कुपी) बाहेर काढली की काचेवर दव धरतं, त्यानेही ओडी फुगते. पावसाळ्यात तर हमखास. रीडिंग घेण्याआधी टिश्यूने पुसा.

तरीही 0.2 राहिली तर गाळाचीच शंका घ्यावी लागेल. सगळ्यात मोठं कारण भेजाच असतो. कत्तल झाल्या झाल्या तो बर्फातल्या बफरमध्ये पडला पाहिजे, तासाभराच्या आत वाटला गेला पाहिजे. उणे 20 ला ठेवलेला भेजा घेऊच नका. वरची आवरणं आणि रक्ताच्या गुठळ्या नीट काढा. ट्युब्युलिनच्या एका αβ जोडीत (α आणि β असे दोन प्रकार मिळून) 20 सिस्टीन (एक अमिनो आम्ल) असतात. ती ऑक्सिडाइज झाली की जोड्या नळीत बसत नाहीत, वेड्यावाकड्या चिकटतात. वाटतानाच 1 मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला. जीटीपी दरवेळी ताजं वितळवा.

खात्री करायची तर थंड नमुना 1,00,000 g (गुरुत्वाच्या लाखपट) वर 4 अंशांना 10 मिनिटं फिरवा. वरचा द्रव परत 37 अंशांवर चढून बर्फावर पूर्ण उतरला, तर चांगलं ट्युब्युलिन हाताशी आहे आणि उरलेला गाळ गेला.

अक्षतंतू: पहिल्या पेलेटबद्दल मात्र मत थोडं वेगळं आहे. तिथलं सगळं ट्युब्युलिन खराब नसतं. न्यूरॉनच्या अ‍ॅक्सॉनमधल्या (लांब तंतूमधल्या) नळ्यांचा काही भाग थंडीतही सुटत नाही. मॅप6 हे प्रथिन (जुनं नाव स्टॉप) त्यांना धरून ठेवतं. शिवाय ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम काही ट्युब्युलिनला पॉलिअमाइन (छोटे धनभारित रेणू) जोडतं, त्यानेही त्या टिकतात. मेंदूत हा साठा बराच असतो, म्हणून पहिल्या स्पिनला थोडा तोटा ठरलेलाच. तो वाचवायला, या नळ्या मोडाव्यात म्हणून कॅल्शियम घालू नका. कॅल्शियममुळे साध्या नळ्याही मोडतात. 1972 मध्ये संशोधक रिचर्ड वाइझेनबर्गनी ईजीटीएने कॅल्शियम बांधल्यावरच परीक्षानळीत नळ्या जुळल्या होत्या.

एका फेरीनंतरची न उतरणारी ओडी मात्र या टिकाऊ नळ्यांची असणं अवघड आहे. त्या पहिल्या थंड स्पिनलाच खाली बसलेल्या असतात. 1% युरेनिल अ‍ॅसिटेटने निगेटिव्ह स्टेन करून (नमुन्याभोवतीची जागा गडद रंगवून) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा: 25 नॅनोमीटर रुंदीच्या सरळ नळ्या की आकार नसलेले ढेकूळ, लगेच कळेल.

नळीशोध: क्युव्हेट पुसून, 30 मिनिटं थांबून 0.12. स्पिननंतरचा द्रव 0.27 वर चढून 0.03 ला उतरतो.

पेशीपंजर: मग माल चांगला आहे. आता छोट्या भागांत लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे 80 ला ठेवा. वापरताना 37 अंशांवर झटकन वितळवून लगेच बर्फावर घ्या, आणि प्रयोगाआधी दरवेळी हाच थंड स्पिन द्या. गोठवण्या-वितळवण्यात थोडा गाळ पुन्हा होतोच. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.