जुनी बियांकी सायकल बघितलीय, घ्यावी का?

प्रश्न: सात रस्त्याजवळ एका काकांकडे बियांकी आहे, फिका हिरवा-निळा रंग, नळीवर कोलंबसचं (सायकलच्या नळ्या बनवणारी कंपनी) कबुतराचं स्टिकर. १८ हजार म्हणतात. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) मात्र जागचा हलत नाही.

उत्तर १: घाई करू नका. स्टिकर कुणीही चिकटवतं. अॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की गंजून धरतो. माझ्या फ्रेममध्ये पंधरा दिवस रोज तेल सोडलं, तरी शेवटी करवतीनं आतून कापावा लागला. तुमच्या पोस्टवर २७.२ मिमी व्यास लिहिलेला दिसला तर नळी बहुधा पातळ, चांगल्या दर्जाची. मग हँडलखालच्या जोडामागे खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाखाली आडवी सुरकुती लागली तर समोरून धडक बसलीय. फुकट दिली तरी नको.

उत्तर २: बॉटम ब्रॅकेटही (पेडलच्या आसाची बेअरिंग) बघा. ती बसते ती फ्रेमची आडवी नळी, म्हणजे शेल, ७० मिमी रुंद असेल तर इटालियन पद्धतीची, दोन्ही बाजूंचे आटे उजवे. मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर उजवीकडचे आटे डावे समजून तिथला कप (बेअरिंगची वाटी) सोडवताना उलटा आवळत बसेल आणि आटे जातील.

प्रश्नकर्ता: उद्या ऊन चढायच्या आत जातो. पट्टी आणि टॉर्च घेतो सोबत.